दोन नंबरच्या कॅपचा एक बोल्ट : इंजिन ओव्हरहॉलच्या वर्कशॉपमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका डिझेल इंजिन वर्कशॉपमधलं आहे. काही वर्षं झाली त्याला. माणसांची, गावाची, गिऱ्हाइकाची नावं देत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय. मी तिथे सुपरवायझर होतो, म्हणजे जॉब कार्ड काढणं, पार्ट मागवणं, फिटरला काम वाटून देणं आणि इंजिन बाहेर जाताना सही करणं, हे सगळं माझ्याकडे. सात फिटर, चार हेल्पर, आणि आयटीआय डिझेल मेकॅनिक करून आलेली दोन अप्रेंटिस पोरं. महिन्याला सहा-सात इंजिनं पूर्ण ओव्हरहॉल व्हायची, शिवाय बाहेरची ब्रेकडाऊन वेगळी.

आमच्या भागात इंजिनाचं काम जुनं आहे. पलूसकडे किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी आहे, त्यामुळे घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये राबलेला. तसेच आमचे मामा. सगळं वर्कशॉप त्यांना मामाच म्हणायचं, मीसुद्धा. वय ५४, पैकी २९ वर्षं हातात पाना. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, बसवताना नुसतं हाताने फिरवून सांगायचे की तीन नंबरचं बेअरिंग जरा घट्ट आहे, आणि मायक्रोमीटर लावला की तसंच निघायचं. त्यामुळे बॉटम असेंब्ली, म्हणजे क्रँक, तो ज्यावर फिरतो ती मेन बेअरिंग आणि पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो ते बिगेंड, हे काम मी कायम त्यांनाच द्यायचो.

इंजिन होतं सहा सिलेंडरचं, टर्बो, १२५ केव्हीए जनसेटचं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या संचाचं. तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून आलेलं. बोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकले, क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइझ बेअरिंग टाकली. एप्रिल महिना होता, नवा बेदाणा गोडाऊनला लागलेला, त्यामुळे गिऱ्हाईक रोज दोन फोन करायचं, आणि त्याचं चुकीचं नव्हतं कारण माल चार-पाच डिग्रीला ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यात लाइटचा काही भरोसा नसतो.

काय घडलं

या इंजिनाला सात मेन बेअरिंग कॅप, म्हणजे क्रँक जागेवर धरून ठेवणारी झाकणं, प्रत्येकी दोन बोल्ट, म्हणजे चौदा बोल्ट. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, तीन टप्प्यात द्यायचा. मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये लिहिलेलं असतं पण शॉपमध्ये सगळे किलोत बोलतात, तर सहा किलो, मग बारा, मग अठरा. मधल्या कॅपपासून सुरुवात करून बाहेर जायचं, चार, तीन, पाच, दोन, सहा, एक, सात. मामांना हे झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ.

गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मामा शेवटच्या फेरीत होते. चार, तीन, पाच झाले. दोनचा पहिला बोल्ट अठराला क्लिक झाला, म्हणजे ठरलेला जोर आल्यावर टॉर्क रेंचने, जोर मोजणाऱ्या पान्याने, आवाज दिला. दुसरा फिरवताना त्यांना आटे रवाळ लागले. तिथे नवशिका असता तर दाबून पुढे गेला असता. मामांनी बोल्ट पूर्ण बाहेर काढला, फडक्याने पुसला, आट्यात बोट फिरवून बघितलं, एक बारीक कचरा होता तो काढला, इंजिन ऑइलचा थेंब सोडला आणि परत हाताने आत घेऊन सहा किलोला आणला.

नेमक्या त्या वेळी गेटवर ऊसतोडणी मशीनचा मालक येऊन उभा. सीझनची शेवटची तोड चालू, मशीन फडात बंद पडलंय, माणूस द्या म्हणून आवाज चढलेला. मी केबिनच्या दारातनंच हाक मारली, "मामा, पाच मिनिटं इकडं या जरा." मामांनी टॉर्क रेंच दोन नंबरच्या कॅपवरच आडवा ठेवला आणि आले. पाच मिनिटांचं बोलणं झालं आणि मीच म्हणालो की तुम्ही जाऊन बघूनच या, जवळच आहे. परत यायला पावणेदोन तास गेले. फडात ऊन, धूळ, वर मालकाची कटकट. परत आले तर रेंच दोन नंबरवर होता, म्हणजे दोन झाला असं त्यांच्या मनाने धरलं, आणि सहा नंबरपासून पुढे सुरू केलं. क्रँक फिरवून बघितला, मोकळा फिरला. एंड प्ले, म्हणजे क्रँक पुढेमागे किती सरकतो ते, डायल लावून बघितला, बरोबर. एक बोल्ट सहा किलोवर आहे हे या दोन्ही तपासण्यांत कळत नाही. जॉब कार्डावर संध्याकाळी माझी सही झाली.

पुढच्या आठवड्यात जनसेट बसवला. तिकडचा ट्रान्सफॉर्मर गेलेला म्हणून तो रोज सात-आठ तास चालत होता. पाचव्या दिवशी ३८ तास झाले असताना ऑपरेटरचा फोन आला, की इंजिन गरम झालं की ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि खालून टकटक येतेय.

पहिला निर्णय फोनवरच घ्यावा लागला. ऑपरेटर म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालवू का, तोपर्यंत दुसरा जनसेट भाड्याने येईल. मी म्हणालो, आत्ता, हा फोन ठेवायच्या आधी बंद करा. खोलीचं टेंपरेचर दोन डिग्री वाढलं तर बेदाणा टिकेल, क्रँक टिकणार नाही. त्याने लगेच बंद केलं. या सगळ्या प्रकरणात मी वेळेवर आणि बरोबर केलेली ही एक गोष्ट आहे असं मला आजही वाटतं.

उघडल्यावर काय दिसलं

जाग्यावर आधी ऑइल फिल्टर कापून कागद उलगडला. घड्यांमध्ये तांबूस चकाकी होती. बेअरिंग शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावर, सगळ्यात वर मऊ थर असतो, त्याखाली तांब्याचा, त्याखाली स्टील. तांबं दिसायला लागलं म्हणजे वरचा थर गेला. इंजिन उचलून शॉपला आणलं, ऑइल चेंबर खोलला. मी स्वतः खाली वाकून एकेक बोल्ट बघत गेलो आणि दोन नंबरचा मागचा बोल्ट माझ्या दोन बोटांनी फिरला. बाकी तेरा घट्ट.

एका बाजूने सैल पडल्यामुळे शेलवरची पकड गेली, शेल जागेवरनं थोडा सरकला, ऑइलचं भोक अर्धं झाकलं गेलं आणि त्याच्या शेजारच्या बिगेंडला तेल कमी पडायला लागलं. बिगेंडचा शेल निळसर काळा पडलेला. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नख अडकेल अशा रेघा. कॅपच्या बसायच्या जागेवर घासून चमक आलेली. ब्लॉक गेला की काय या भीतीने कॅप पूर्ण टॉर्कला बसवून आतला गोल बोअर गेजने मोजला, तो लिमिटमध्ये होता, नाहीतर लाइन बोअरिंगचा, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगच्या जागा एका रेषेत परत कापायचा, खर्च वेगळाच. क्रँक आणखी एकदा ग्राइंड करून ०.५० वर नेता येत होता. वेळेवर बंद केल्याने एवढ्यावर भागलं.

आणि मग माझी चूक. चहाची वेळ होती, सगळे फिटर-हेल्पर गोळा झालेले, मी तो बोल्ट हातात धरून तिथेच विचारलं, "मामा, हा कुणी आवळलाय?" सगळ्यांना माहीत होतं कुणी आवळलाय. मामा काही बोलले नाहीत, कप खाली ठेवला, डबा घेतला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी पण नाही.

समोर कोणते मार्ग होते

वर्कशॉपच्या मालकांबरोबर बसलो तेव्हा चार गोष्टी पुढे आल्या.

एक म्हणजे गिऱ्हाइकावर ढकलायचं. त्याला वाव होता. नवं ओव्हरहॉल केलेलं इंजिन सुरुवातीला अर्ध्या लोडवर चालवा असं आम्ही लिहून दिलं होतं आणि ऑपरेटरने पहिल्याच दिवशी दोन्ही कॉम्प्रेसर त्यावर टाकले होते. कागदावर आम्ही जिंकलो असतो. पण बोटांनी फिरलेला बोल्ट मी बघितला होता, आणि खाली वाकलेला असताना माझ्यामागे दोन हेल्परही उभे होते. ज्या शॉपमध्ये सुपरवायझर गिऱ्हाइकाशी खोटं बोलतो तिथे फिटर सुपरवायझरला खरं सांगत नाही, हे मी आधीच्या नोकरीत बघितलं होतं.

दुसरं, मामांच्या पगारातून कापायचं. मालक यावर अडून बसले, कारण दुरुस्ती साठ-पासष्ट हजाराला जात होती. मी सांगितलं की १९३६ च्या पगार कायद्यातही नुकसानीपोटी कापायच्या आधी माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि मामांचं म्हणणं आपण अजून ऐकलेलंच नाही. मालक त्यावर थांबले, पटलं होतं असं नाही, पण थांबले.

तिसरं, हत्याराला दोष द्यायचा. टॉर्क रेंच चुकीचा दाखवत असेल ही शक्यता खरी होती म्हणून तो लगेच तपासायला पाठवला. अशा क्लिकवाल्या रेंचला चार टक्क्यांपर्यंत फरक चालतो आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा आवळून झालं की तपासावा असं मानकात आहे. आमचा दीड वर्ष तपासलेला नव्हता, ती हयगय माझी. पण रिपोर्ट आला तर रेंच बरोबर होता. तसंही चौदातला एकच बोल्ट सैल निघतो तेव्हा दोष रेंचचा नसतो.

चौथं, आपल्या खर्चाने इंजिन करून द्यायचं, गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, आणि बोल्ट नेमका कसा राहिला हे शोधायचं.

काय केलं

चौथा मार्ग घेतला. गिऱ्हाइकाला मी स्वतः जाऊन सांगितलं की बोल्ट आमच्याकडून राहिला, बिल लागणार नाही, आणि भाड्याच्या जनसेटचं अर्धं भाडं आम्ही देतो. तो चिडला, बोलायचं ते बोलला, मी ऐकून घेतलं.

बोल्ट कसा राहिला हे मला दोन ठिकाणाहून कळलं. पहिल्यांदा अप्रेंटिस पोराकडून. मामांना तो दिवा धरून उभा होता. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर केबिनबाहेर घुटमळत होता, आत बोलावलं तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, दोन नंबरचा एक राहिलाय असं मला वाटलं होतं, पण मामांना कसं सांगणार." सहा महिने झालेलं पोरगं २९ वर्षांच्या माणसाला कसं सांगणार, हा प्रश्न खराच आहे. आणि त्याने सांगावं अशी काही सोय मी त्या शॉपमध्ये केलेली नव्हती.

मग त्याच संध्याकाळी मामांच्या गावी गेलो. अंगणात खुर्ची टाकली, चहा आला, कुणीच विषय काढेना. शेवटी मीच म्हणालो, मामा, चारचौघांत विचारलं ते चुकलं माझं. मामा बराच वेळ गोठ्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "साहेब, मी आवळतच हुतो. तुम्ही हाक मारली."

हे ऐकेपर्यंत मला त्या गुरुवारची हाक आठवलीसुद्धा नव्हती. मी दिवसात अशा पंधरा-वीस हाका मारायचो. त्यातली कुठली कुणाच्या हातातल्या कुठल्या कामावर पडते याचा विचारच केला नव्हता.

विमानांच्या मेंटेनन्समध्ये हा प्रकार फार आधी ओळखलेला आहे. कॅनडाच्या ट्रान्सपोर्ट खात्यात गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ मध्ये चुका घडवणाऱ्या बारा कारणांची यादी केली, तिला डर्टी डझन म्हणतात, त्यात लक्ष दुसरीकडे ओढलं जाणं हे एक आहे. उपाय साधा सांगितलाय, की परत कामावर आलात की कामाचे तीन टप्पे मागे जाऊन सुरू करा. हे मी नंतर वाचलं आणि आपल्याकडे कसं बसेल ते मामांबरोबर बसून ठरवलं. मामा सोमवारी कामावर आले होते.

ठरलं ते असं. बेअरिंग कॅप, बिगेंड आणि हेडचे बोल्ट आवळताना इंजिन स्टँडला लाल फडकं बांधायचं, ते असेपर्यंत त्या फिटरला कुणी हाक मारायची नाही, मीही नाही, मालकही नाही. उठावंच लागलं तर परत आल्यावर ती फेरी पहिल्या कॅपपासून पुन्हा, रेंच कुठेही ठेवलेला असो. शेवटची फेरी झाली की दिवा धरणाऱ्या पोराने स्वतः रेंच लावून प्रत्येक बोल्ट क्लिक करून बघायचा, नंबर मोठ्याने म्हणायचा आणि पिवळी खूण करायची. आणि बाहेरच्या ब्रेकडाऊनला दर आठवड्याला एक फिटर नेमून ठेवायचा, त्याच्याकडे बेंचवर बारीकसारीकच कामं द्यायची, नोझल, वॉटर पंप, असली, जी मध्ये सोडली तरी चालतात.

या शेवटच्या गोष्टीवर मालकांशी सगळ्यात जास्त ओढाताण झाली. सातातला एक माणूस अर्धा रिकामा ठेवायचा म्हणजे महिन्याला एक इंजिन कमी निघणार असा त्यांचा हिशोब, आणि तो चुकीचाही नव्हता. तीन महिने करून बघू यावर मिटलं.

निकाल

इंजिन आठ दिवसांत परत गेलं आणि नीट चाललं. त्या गिऱ्हाइकाने ऑक्टोबरात दुसरा जनसेट पण आमच्याकडेच पाठवला, पाठवताना म्हणाला की खोलताना मला बोलवा, मला बघायचंय. आला आणि दिवसभर स्टूल टाकून बसला.

लाल फडकं पहिले पंधरा दिवस चांगलं चाललं, मग ते सोडायचा सगळ्यांना कंटाळा यायला लागला, इंजिन नुसतं उभं असलं तरी फडकं तसंच. कायम लटकणाऱ्या फडक्याकडे कोण बघणार. मग असं केलं की फडकं एकच ठेवायचं आणि ते टॉर्क रेंचच्या पेटीतच ठेवायचं. रेंच बाहेर आला की फडकं बाहेर, रेंच आत गेला की फडकं आत. त्यानंतर ते टिकलं. जॉब कार्डावर दोघांच्या सह्या घ्यायचंही करून बघितलं पण संध्याकाळी सातला सगळ्या सह्या एकदम व्हायला लागल्या, तेव्हा ते बंद केलं. पिवळी खूण मात्र आजतागायत आहे, कारण ती बोल्टवरच असते, कागदावर नंतर भरता येते तशी ती भरता येत नाही.

मला लक्षात राहिलेला दिवस तिसऱ्या आठवड्यातला. मामा हेड आवळत होते, तेच पोरगं बाजूला. मध्येच ते म्हणालं, "मामा, अकरा नंबर राहिला." सगळं शॉप एकदम गप्प झालं. खरं तर अकरा नंबर झालेला होता, पोराची गफलत होती. मामांनी त्याच्याकडे बघितलं, रेंच अकरावर नेला, क्लिक करून दाखवला, आणि म्हणाले, "झालाय. पण असंच सांगत जा." त्या दिवसानंतर दुसरं अप्रेंटिस पोरगंही बोलायला लागलं.

महिन्याला एक इंजिन कमी होईल हा हिशोब साधारण खरा निघाला, पहिले दोन महिने पाच-सहावरच होतो. पुढे वॉरंटीत परत येणारी कामं कमी झाल्याने ते भरून निघालं, पण पूर्ण निघालं असं मी छातीठोक सांगणार नाही, कारण त्याच वर्षी एक चांगला फिटर सोडून गेला आणि आकडे मिसळले.

आज परत करायचं झालं तर

चहाच्या वेळचा तो प्रश्न मी विचारणार नाही. बोल्ट सापडला त्याच क्षणी चेंबर झाकून, आधी त्या दिवशी इंजिनापाशी कोण कोण होतं एवढंच शोधीन आणि एकेकाला वेगळं भेटेन, सगळ्यात आधी सगळ्यात लहान माणसाला. पोराने तीन दिवस ते मनात ठेवलं, मामा तीन दिवस घरी बसले, ते सहाही दिवस माझ्या एका प्रश्नाने गेले.

आणि शोधायला सुरुवात स्वतःपासून करीन. माझ्या हातात जॉब कार्ड होतं, त्यावर मामांचं नाव होतं, त्यामुळे माझा प्रश्न "कुणी" असा झाला. "त्या वेळी काय चाललं होतं" असा विचारला असता तर गेटवरच्या रजिस्टरमध्ये ऊसतोडणी मशीनवाल्याची एंट्री होती, साडेतीनची, मामा बाहेर गेल्याची पण होती, पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

मॅन्युअलचा टॉर्कचा तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीवर हवा होता, तोही मी नंतर लावला. मामांना गरज नव्हती म्हणून कधी लावलाच नव्हता, पण शेजारी दिवा धरणाऱ्याला फेरी कितवी चालू आहे हे कळायला तो लागतो.

एक गोष्ट मात्र मी तिथून निघेपर्यंत सुटली नाही, ती म्हणजे गळिताच्या सीझनमधली रात्रपाळी. रात्री दोनच फिटर असतात, त्यातला एक ब्रेकडाऊनला गेला की बेंचवर एकटाच माणूस राहतो, मग क्लिक तपासायला दुसरा हात कुठून आणायचा. आम्ही तात्पुरतं असं केलं की रात्री कॅप आणि हेड आवळायचंच नाही, इंजिन तिथपर्यंत आणून प्लास्टिकने झाकून ठेवायचं आणि सकाळी साडेआठला, दुसरा माणूस आला की आवळायचं. डिसेंबर-जानेवारीत त्यामुळे एकेका इंजिनाला अर्धा दिवस उशीर व्हायचा आणि गेटवर ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले ताटकळत उभे असायचे, त्यांच्याशी बोलायला मग मीच जाऊन थांबायचो.